पगारावर टाच येण्याआधी

प्रश्न : मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. दरमहा वेतन ७०,००० रुपये असून हातात साधारण ६१,००० रुपये पडतात, त्यातूनच गृहकर्जाचा हप्ता जातो. आयकर खात्याच्या दोन थकबाक्या माझ्या नावावर आहेत. पहिली निर्धारण वर्ष २०१८-१९ ची, म्हणजे २०१७-१८ मधील उत्पन्नावरची आहे. त्या वेळची माझी कंपनी पगारातून दरमहा कर कापत असे, पण तो तिने सरकारकडे भरलाच नाही आणि पुढे ती बंद पडली. ती थकबाकी व्याजासह १,२४,००० रुपये झाली आहे. दुसरी २०२१-२२ ची आहे. सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून मी एका एजंटकडून विवरणपत्र भरून घेतले. त्याने राजकीय पक्षाला देणगी, दिव्यांग नातेवाइकाचा खर्च अशा मी कधीच न केलेल्या खर्चाच्या वजावटी दाखवून ७१,००० रुपयांचा परतावा मिळवून दिला आणि त्यातला पाचवा हिस्सा स्वतः घेतला. पुढच्या दोन वर्षांची विवरणपत्रेही त्यानेच भरली. खात्याच्या नोटिसा त्याच्याच ईमेलवर जात राहिल्या. पाच महिन्यांपूर्वी एकतर्फी आदेश होऊन ८९,८०० रुपयांची मागणी निघाली, त्यात माझे विम्याचे हप्ते आणि मुलीची शाळेची फी मिळून ७५,००० रुपयांची खरी वजावटही नामंजूर झाली. दंडाची नोटीस वेगळी आहे. आता ‘पंधरा दिवसांत खुलासा करा, अन्यथा पगारातून वसुली करू’ असे पत्र आले आहे. कोणी म्हणते अपील करा म्हणजे सगळे थांबेल, कोणी म्हणते अभय योजना येईपर्यंत थांबा, तर कोणी सांगते पैसे पत्नीच्या खात्यात टाका. पत्नी दागिने गहाण ठेवायला तयार आहे. कंपनीत हे कळले तर काय, या विचाराने झोप लागत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही दोन्ही थकबाक्या एका दमात सांगितल्या आहेत आणि खात्याच्या पत्रातही त्यांची बहुधा एकच बेरीज केलेली असेल, पण कायद्याच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याचा अधिकार खात्याला नाही. दुसरी मात्र, खऱ्या वजावटींचा भाग सोडला तर, तुम्ही देणे लागता. हे दोन हिशेब वेगळे न करता तुम्ही दागिने गहाण ठेवून सगळी बेरीज भरून टाकली, तर निम्म्याहून अधिक पैसे विनाकारण जातील. आणि काहीच न करता बसलात, तर जे देणे लागत नाही तेही पगारातून कापले जाईल. म्हणून पैसे उभे करण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी हे दोन हिशेब कागदावर वेगळे करा आणि पंधरा दिवसांच्या आत, खात्याने कंपनीला लिहिण्यापूर्वी, दोन स्वतंत्र अर्ज घेऊन स्वतः अधिकाऱ्यासमोर जा. एक खुलासा मी आधीच करतो. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. तुमच्या नोटिसांवर १९६१ च्या अधिनियमाचे क्रमांक छापलेले असल्यामुळे मी येथे तेच वापरत आहे.

पगारावरची टाच म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्या. मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरली नाही, तर करदाता कसूरदार ठरतो, थकलेल्या रकमेवर कलम २२०(२) खाली दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला एक टक्का साधे व्याज चढू लागते आणि कलम २२१ खाली वेगळा दंडही लावता येतो. त्यानंतर करनिर्धारण अधिकारी किंवा कर वसुली अधिकारी कलम २२६(२) खाली तुमच्या कंपनीला लेखी कळवू शकतो की, यापुढच्या पगारातून थकबाकी कापून ती सरकारजमा करावी. आणि कंपनीला ते पाळावेच लागते. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पगाराचा जो भाग जप्तीपासून मुक्त आहे, त्याला येथेही हात लावता येत नाही. तो भाग म्हणजे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश. तुमच्या ७०,००० रुपयांच्या वेतनातून १,००० वजा केले, तर ६९,००० उरतात आणि त्यांचा एक-तृतीयांश, म्हणजे दरमहा २३,००० रुपयांपर्यंतची रक्कम, कापली जाऊ शकते. गृहकर्जाचा हप्ता आणि मुलीचे शिक्षण सांभाळणाऱ्या घराला इतकी कपात झेपणे कठीण आहे, हे मी जाणतो.

पण माझ्या मते बँक खात्यावरची टाच पगारावरच्या टाचेपेक्षाही जड जाते. कलम २२६(३) खाली अधिकारी थेट बँकेला नोटीस देऊ शकतो, आणि पगार एकदा खात्यात जमा झाला की पगारासाठी असलेले दोन-तृतीयांशाचे संरक्षण तेथे प्रत्यक्षात मिळवणे फार अवघड होते. गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल, तर तो परत येतो आणि एका थकबाकीतून दुसरी उभी राहते. प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे गेले, तर तो वसुली प्रमाणपत्र काढून पंधरा दिवसांची नोटीस देतो आणि त्यानंतर स्थावर-जंगम मालमत्तेच्या जप्तीचे मार्गही त्याच्या हातात असतात. भविष्य निर्वाह निधीत साठलेली रक्कम मात्र जप्तीपासून सुरक्षित आहे, म्हणून या देण्यासाठी ती काढण्याचा विचार करू नका.

आता पहिल्या दिवसाचे काम. आयकर पोर्टलवर आधार ओटीपीच्या साहाय्याने स्वतः प्रवेश करा, पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमध्ये एजंटचा ईमेल व मोबाइल क्रमांक असेल, तर तो काढून स्वतःचा टाका. हे होईपर्यंत खात्याचे प्रत्येक पत्र त्याच माणसाकडे जात राहील आणि कायद्याच्या दृष्टीने ते तुम्हालाच मिळाले, असे धरले जाण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर दोन्ही आदेश, मागणीच्या नोटिसा, दंडाची नोटीस, त्या त्या वर्षांचे फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर सरकारकडे जमा झालेल्या कराचा उतारा) आणि भरलेली विवरणपत्रे उतरवून घ्या. ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ या ठिकाणी दोन्ही मागण्या वेगवेगळ्या ओळींत दिसतील. तेथे घाईने ‘डिमांड इज करेक्ट’ या पर्यायावर टिचकी मारू नका. एकदा मागणी बरोबर असल्याचे कळवले की त्याच मागणीला नंतर पोर्टलवर हरकत घेता येत नाही, आणि ओळ चुकली तर लागत नसलेले देणे तुम्ही स्वतःच्या हाताने कबूल करून बसाल.

२०१८-१९ च्या मागणीबाबत तुमची बाजू भक्कम आहे. कलम २०५ असे सांगते की, ज्या उत्पन्नातून कर उगमस्थानी कापला गेला आहे, त्या उत्पन्नावरचा कर कापला गेलेल्या मर्यादेपर्यंत करदात्याकडून पुन्हा मागता येत नाही. मालकाने कापलेला कर भरला नाही, तर वसुली मालकाकडून व्हायला हवी. त्यासाठी कायद्यात व्याज, दंड आणि खटला असे सगळे मार्ग आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये नोकरदाराच्याच प्रकरणात हे स्पष्ट केले की, पगारातून कर कापला गेला असेल, तर मालकाच्या कसुरीपायी तो नोकरदाराकडून वसूल करता येणार नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ च्या पत्राने आपल्या अधिकाऱ्यांना कळवले की, कापणाऱ्याने कर न भरल्यामुळे निर्माण झालेल्या अशा मागण्यांची सक्तीने वसुली करू नये, आणि ११ मार्च २०१६ रोजी त्या सूचनेची पुन्हा आठवण करून दिली. तरीही अशा मागण्या वर्षानुवर्षे पोर्टलवर तशाच दिसत राहतात, कारण संगणकाला फॉर्म २६एएसमध्ये जमा दिसत नाही आणि त्याला तुमची पगारपत्रके दिसत नाहीत. ती अधिकाऱ्याच्या टेबलावर कोणीतरी ठेवावी लागतात, आणि ते काम तुमच्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.

येथे सगळा भर पुराव्यावर आहे. कर ‘कापला गेला’ हे तुम्हाला दाखवायचे आहे. तो ‘भरला गेला’ हे दाखवण्याची जबाबदारी तुमची नाही. एप्रिल २०१७ ते मार्च २०१८ या काळातील बारा पगारपत्रके, फॉर्म १६ (मालकाने द्यायचा करकपातीचा दाखला) मिळाला असल्यास त्याची प्रत, नेमणूकपत्र आणि पगार जमा झालेल्या खात्याचा बाराही महिन्यांचा उतारा गोळा करा. जुना उतारा बँकेच्या शाखेत लेखी मागितला की मिळतो. मग एका साध्या तक्त्यात प्रत्येक महिन्याचे एकूण वेतन, कापलेला आयकर, इतर कपाती आणि निव्वळ देय रक्कम लिहा, आणि शेजारच्या रकान्यात त्या महिन्याला खात्यात जमा झालेली रक्कम तारखेसह मांडा. निव्वळ देय आणि खात्यातली जमा महिन्यामागून महिना जुळत गेली, म्हणजे कपात कागदावरची नसून खरी होती हे कोणालाही पटते. काही पगारपत्रके सापडत नसतील, तर भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकातील त्या काळातील नोंदी जोडा आणि उरलेल्या महिन्यांबाबत प्रतिज्ञापत्र द्या. पोर्टलवर या मागणीला असहमती नोंदवा आणि हाच संच कलम २०५ व मंडळाच्या दोन्ही सूचनांचा उल्लेख करणाऱ्या अर्जासोबत करनिर्धारण अधिकाऱ्याला प्रत्यक्ष द्या. कलम १५४ खाली दुरुस्तीची चार वर्षांची मुदत तुमच्याबाबतीत उलटून गेली आहे, असे उत्तर तुम्हाला कदाचित मिळेल. अशा वेळी तुमची मुख्य विनंती ही ठेवा की, कलम २०५ मुळे या रकमेची वसुली करता येत नसल्याने ती पगारातून किंवा बँकेतून करू नये. ही मनाई त्या मुदतीवर अवलंबून नाही. तोंडी आश्वासनावर परत फिरू नका. कार्यालयातील आयकर सेवा केंद्रात अर्ज दाखल करून पोचपावती घ्या. दाद मिळाली नाही, तर पोर्टलवरील ई-निवारणमध्ये तक्रार नोंदवा आणि त्यापुढे वरिष्ठ अधिकाऱ्याला लिहा. एवढे करूनही या रकमेसाठी टाच आली, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते; मात्र पुराव्याचा संच नीट असेल, तर गोष्ट तेथपर्यंत न जाण्याची शक्यता अधिक आहे.

२०२१-२२ ची गोष्ट वेगळी आहे आणि तेथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. न दिलेली देणगी आणि न केलेला खर्च यांच्या वजावटी कोणत्याही अपिलात टिकणार नाहीत. ही मागणी म्हणजे मुख्यतः तुम्हाला मिळालेला ७१,००० रुपयांचा परतावाच आहे, आणि त्यावर कलम २३४डी खाली दरमहा अर्धा टक्का व्याज धरले की साधारण ८९,८०० चा आकडा जुळतो. एजंटने घेतलेला पाचवा हिस्सा तुमच्याकडून गेला, तरी खात्याच्या लेखी सगळी रक्कम तुम्हालाच मिळालेली आहे. विवरणपत्र तुमच्या नावाचे असल्यामुळे त्यातील मजकुराची जबाबदारी तुमचीच राहते. एजंटविरुद्ध पोलिसांत तक्रार अवश्य करा, त्याचे व्हॉट्सॲपवरील निरोप आणि त्याला पाठवलेल्या पैशांच्या नोंदी जपून ठेवा, पण त्या तक्रारीने हे देणे फिटणार नाही, आणि तिचा निकाल लागेपर्यंत वसुलीही थांबणार नाही.

आदेशाला पाच महिने झाले, म्हणजे मुदतीनंतरच्या चार महिन्यांचे व्याज धरून आज ही रक्कम सुमारे ९३,४०० रुपये होते. हप्त्यांची सवलत कलम २२०(३) खाली मुळात पहिल्या ३० दिवसांतच मागायची असते आणि ती वेळ गेली आहे. तरीही मार्ग बंद झालेला नाही, कारण मंडळाच्या १९९६ च्या १९१४ क्रमांकाच्या सूचनेत हप्ते उदारपणे द्यावेत आणि पूर्ण मागणी १८ महिन्यांपेक्षा जास्त नाही अशा वाजवी काळात वसूल व्हावी, असे म्हटले आहे. प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे गेले असेल, तर त्यालाही कलम २२५ खाली मुदत देण्याचा अधिकार आहे. माझा सल्ला असा की, रिकाम्या हाताने जाऊ नका. शक्य असल्यास २१,४०० रुपये आधी भरा, म्हणजे ७२,००० उरतात, आणि ते दरमहा ६,००० प्रमाणे बारा हप्त्यांत देण्याचा प्रस्ताव ठेवा. या बारा महिन्यांत उतरत्या बाकीवर दरमहा एक टक्क्याने आणखी पावणेपाच हजारांच्या आसपास व्याज लागेल, तेही मनाशी धरून चाला.

अर्जाची भाषा साधी आणि नेमकी ठेवा : ‘निर्धारण वर्ष २०२१-२२ च्या मागणीपैकी २१,४०० रुपये मी आज भरले असून चलनाची प्रत सोबत जोडली आहे. उरलेले ७२,००० रुपये दरमहा ६,००० रुपयांप्रमाणे बारा हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपूर्वी भरण्याची व त्यावरील व्याज शेवटच्या हप्त्यासोबत देण्याची मी हमी देतो. हप्ते नियमित असेपर्यंत कलम २२६ खालील कार्यवाही करू नये, ही विनंती.’ यासोबत शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, गृहकर्जाचे विवरण आणि घरखर्चाचा एक पानी हिशेब जोडा. खर्चाचे आकडे फुगवू नका, कारण बँकेचा उतारा त्याच टाचणीत आहे आणि अधिकारी दोन्ही शेजारी ठेवून पाहील. पैसे भरताना पोर्टलवरील ई-पे टॅक्समधून नियमित आकारणीवरील कर, म्हणजे ४०० हा गौण शीर्षक क्रमांक, निवडा आणि निर्धारण वर्ष २०२१-२२ आहे ना, हे दोनदा तपासा. वर्ष चुकले तर पैसे सरकारकडे जातात, पण ही मागणी तशीच उभी राहते आणि चलन दुरुस्त होईपर्यंत तुम्ही थकबाकीदारच दिसता.

आता खऱ्या वजावटींविषयी. एकतर्फी आदेशात ७५,००० रुपयांची खरी वजावट गेली असेल आणि तुम्ही त्या वर्षी २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह २०.८ टक्क्यांनी १५,६०० रुपयांचा कर त्यामुळे वाढला आहे, आणि दंडाचा हिशेबही याच करावर बसतो. आयुक्त (अपील) यांच्याकडे जाण्याची ३० दिवसांची मुदत संपली आहे. उशीर माफ करण्याची विनंती करता येते आणि नोटिसा एजंटच्या ईमेलवर गेल्या, हे त्याचे कारण म्हणून सांगताही येते. परंतु तुमच्या प्रकरणात मला कलम २६४ खाली प्रधान आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा, म्हणजे आदेश पुन्हा तपासण्याचा, अर्ज करणे अधिक योग्य वाटते. त्याची मुदत आदेश कळल्यापासून एक वर्षाची आहे, शुल्क ५०० रुपये आहे, आणि त्यात तुम्ही खोट्या वजावटी मोकळेपणाने सोडून देऊन फक्त विम्याच्या पावत्या व शाळेच्या फीच्या पावत्या पुढे ठेवू शकता. मात्र अपील आणि पुनरीक्षण हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून पाऊल टाकण्याआधी एखाद्या सनदी लेखापालाकडून आदेश वाचून घ्या.

‘अपील केले की सगळे थांबते’ हा समज चुकीचा आहे. अपील दाखल झाल्याने वसुली आपोआप थांबत नाही. कलम २२०(६) खाली स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि मंडळाच्या २९ फेब्रुवारी २०१६ च्या व ३१ जुलै २०१७ च्या सूचनांनुसार वादग्रस्त मागणीच्या साधारण २० टक्के रक्कम भरल्यावर अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती दिली जाते. ज्याचा वाद खरा आहे, त्याच्यासाठी ही मोलाची सोय आहे. तुमचा वाद लहान आणि देणे मोठे आहे. निव्वळ वेळ काढण्यासाठी अपील केलेत, तर ते फेटाळले जाईपर्यंत दरमहा एक टक्का चढत राहील आणि शेवटी रक्कम वाढलेली असेल. अपील करा असे सांगणाऱ्याने तुम्हाला हा हिशेब मांडून दाखवला होता का, हे त्याला जरूर विचारा.

दंडाच्या नोटिशीला उत्तर न देण्याची चूक मात्र अजिबात करू नका. कलम २७०ए खाली उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरले, तर दंड कराच्या २०० टक्के असतो, म्हणजे तुमच्याबाबतीत मूळ मागणीहून मोठी रक्कम उभी राहू शकते. उत्तरात विमा आणि फीच्या वजावटी खऱ्या होत्या, हे पावत्यांसह सांगा आणि त्या भागावर दंड बसू नये, असे स्पष्ट लिहा. उरलेल्या भागाबाबत काय घडले, ते खरेखुरे सांगा, एजंटशी झालेला व्यवहार पुराव्यासह मांडा आणि कर भरायला सुरुवात केल्याचे चलन जोडा. दंड लागला, तर त्या आदेशाविरुद्ध वेगळे अपील असते. शिवाय कलम २७३ए(४) खाली खऱ्या अडचणीच्या प्रसंगी दंड कमी किंवा माफ करण्याची विनंती प्रधान आयुक्तांकडे करता येते, आणि कलम २२०(२ए) खाली थकबाकीवरील व्याजासाठीही अशीच विनंती आहे. व्याजमाफीसाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : रक्कम भरल्याने खरी अडचण होते, कसूर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाली, आणि तुम्ही चौकशीत व वसुलीत सहकार्य केले. यातली तिसरी गोष्ट आजपासून तुमच्या हातात आहे, म्हणूनच वेळेवर दिलेल्या उत्तराला आणि नियमित हप्त्यांना मी इतके महत्त्व देतो.

अभय योजनेची वाट पाहू नका. महाराष्ट्र शासनाच्या अभय योजना विक्रीकर, मूल्यवर्धित कर अशा राज्याच्या करांसाठी असतात. आयकर केंद्राचा आहे आणि त्या योजनांचा त्याच्याशी संबंध नाही. केंद्राची २०२४ ची ‘विवाद से विश्वास’ योजना २२ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या वादांपुरती होती आणि तिची मुदतही संपली आहे. त्याच वर्षी लहान जुन्या मागण्या माफ झाल्या, पण त्या निर्धारण वर्ष २०१५-१६ पर्यंतच्याच होत्या.

पत्नीच्या खात्यात पैसे वळवण्याचा सल्ला देणाऱ्याचे तर अजिबात ऐकू नका. थकबाकी असताना केलेली अशी हस्तांतरणे कलम २८१ खाली खात्यापुरती निरर्थक ठरू शकतात, आणि कर बुडवण्याचा हेतुपुरस्सर प्रयत्न केल्याचा आरोप आला, तर आज केवळ वसुलीचे असलेले प्रकरण फौजदारी होते. दागिन्यांबाबत माझे मत असे की, पहिल्या २१,४०० रुपयांसाठी गरज पडली तर बँकेकडून तेवढ्यापुरतेच सोनेतारण घ्या आणि त्याचा व्याजदर खात्याच्या वर्षाला १२ टक्के साध्या व्याजाशी ताडून पाहा. मोबाइल ॲपवरून झटपट मिळणाऱ्या कर्जाने किंवा क्रेडिट कार्डाने हे देणे फेडू नका. खात्याचे व्याज त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे.

तुम्ही ओझरते लिहिलेली एक गोष्ट मला या सगळ्याइतकीच महत्त्वाची वाटते. त्याच एजंटने २०२२-२३ आणि २०२३-२४ ची विवरणपत्रे भरली आहेत, आणि त्यातही अशाच वजावटी असण्याची दाट शक्यता आहे. ती दोन्ही आजच उघडून तपासा. खोट्या वजावटी आढळल्या, तर त्या वर्षांची नोटीस येण्याआधी कलम १३९(८ए) खाली अद्ययावत विवरणपत्र भरून घेतलेला परतावा व्याजासह परत करा. निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ही संधी असते, म्हणजे २०२२-२३ साठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. उशीर होईल तशी जादा कराची टक्केवारी वाढत जाते : पहिल्या १२ महिन्यांत २५, मग ५०, ६० आणि शेवटच्या टप्प्यात ७० टक्के. ही टक्केवारी जड आहे, पण २०० टक्के दंडाच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे निर्णय कठीण राहत नाही. पैसे एकदम उभे राहत नसतील, तर वर सांगितलेल्या हप्त्यांची रक्कम ठरवताना यासाठीही जागा ठेवा. अधिकाऱ्याने मान्य केलेला हप्ता चुकवण्यापेक्षा सुरुवातीलाच पेलेल इतका हप्ता मागणे केव्हाही चांगले.

शेवटी कंपनीविषयी. तुमचे अर्ज पंधरा दिवसांत दाखल झाले आणि काही रक्कम भरलेली दिसली, तर अधिकाऱ्याला कंपनीला लिहिण्याची निकड सहसा राहत नाही. पण टाच येण्यापूर्वी तुम्हाला आणखी एक सूचना मिळेलच, असे धरून चालू नका. पत्र कंपनीत आधीच पोहोचले असेल, तर स्वतःहून वेतन विभागाच्या प्रमुखांना भेटा आणि पत्राची प्रत मागून घ्या. ती पगारातून रक्कम वळती करण्याची सूचना असते, गुन्हा सिद्ध झाल्याचे पत्र नसते, आणि बँकेच्या किंवा न्यायालयाच्या कपाती हाताळणाऱ्या वेतन विभागाला तिची सवय असते. त्या पत्रात दोन्ही वर्षांची रक्कम एकत्र आहे का, ते पाहा. असल्यास २०१८-१९ च्या अर्जाची पोचपावती आणि २०२१-२२ चे चलन घेऊन त्याच दिवशी अधिकाऱ्याकडे जा, आणि पहिल्या वर्षाची रक्कम वगळून दुसऱ्या वर्षासाठी हप्त्याइतकीच कपात करावी, असे सुधारित पत्र कंपनीला देण्याची लेखी विनंती करा. सुधारित पत्र येईपर्यंत कंपनी कपात थांबवू शकणार नाही, म्हणून तिच्यावर दबाव आणू नका. मात्र कपात २३,००० रुपयांच्या मर्यादेत आहे ना आणि कापलेली रक्कम कोणत्या वर्षाखाली जमा झाली, हे दर महिन्याच्या चलनाची प्रत घेऊन तपासत राहा.